गुरुवारपासून

फोन थरथरला तशी शुरूकच्या हातातली सुरी निसटली आणि भरण्यासाठी कोरायला घेतलेलं वांगं ओट्यावरून घरंगळत खाली गेलं. अंगठ्यातून रक्ताचा बारीक धागा मनगटाकडे निघाला. तिचं तिकडे लक्षच नव्हतं. ओट्यावर उपड्या पडलेल्या फोनकडे ती एकटक बघत होती.

अवातिफने नळ सोडला, तिचा हात धरून पाण्याखाली नेला आणि फडक्याची चिंधी फाडून अंगठ्याला गुंडाळली. फोन पुन्हा थरथरला. धरलेला हात दचकला.

"किती दिवस चाललंय हे?"

"काय, अब्ला?"

"पोरी, मी सोफ्यांची कापडं शिवते. टाका कुठे ताणला जातोय ते मला लांबून कळतं. आठ दिवसांत तू धड जेवली नाहीस. परवा न्हाणीघरात नळ मोठा सोडून बसली होतीस. पाण्याचा आवाज वेगळा आणि रडण्याचा वेगळा."

खाली तळमजल्यावरच्या कारखान्यात करवत चालू होती. करवत चालू असली की बाबा खाली आहेत हे शुरूकला कळे. ती थांबली की तिचे कान जिन्याकडे लागत.

अवातिफला या घरात येऊन तीन वर्षं झाली होती. शुरूकची आई जाऊन पाच. 'मामा', म्हणजे आई, म्हण असं अवातिफने कधी म्हटलं नाही, आणि शुरूकनेही म्हटलं नाही. इजिप्तमधल्या या दुमयात शहरात मोठ्या बहिणीला किंवा शाळेतल्या बाईंना म्हणतात तसं ती 'अब्ला' म्हणे. दोघी एकमेकींशी नीट वागत. एकमेकींच्या खोलीत मात्र दार वाजवल्याशिवाय जात नसत.

"दार लावून घे," अवातिफ म्हणाली आणि स्वतःच जाऊन लावून आली. "आता दाखव."

"बाबांना सांगाल."

"नाही सांगणार."

"शपथ घ्या."

"तुझ्या आईच्या कबरीची घेऊ? ती माझी नाही, तिच्यावर माझा हक्क नाही. माझ्या डोळ्यांची घेते. माझी जीभ तुझ्या बापाकडे जाणार नाही. माझे पाय कुठे जातील ते मात्र विचारू नकोस."

शुरूकने फोन उघडून तिच्या हातात दिला आणि तोंड भिंतीकडे केलं.

फोटोत शुरूक होती. निदान चेहरा तिचाच होता: मोकळे केस, ओठांना रंग, किंचित लाजलेलं हसू. ती एका खोलीत एका अनोळखी पुरुषाच्या मिठीत उभी होती. अवातिफने फोटो बोटांनी मोठा केला. जवळून पाहिलं की मानेपाशी कातडीचा रंग बदलत होता, शिवणीत दुसऱ्या थानाचं कापड यावं तसा. पण गल्लीत एवढ्या जवळून कोण बघतं? खाली मजकूर होता: "मुनमुन, आज अंधार पडायच्या आत उत्तर दे. पहिल्यासारखं बोलायला लाग. नाहीतर हा सगळ्या गल्लीच्या ग्रुपवर."

"कोण?"

"झियाद. शिकवणीला माझ्याच वर्गात असतो. नंबर दुसरा आहे, पण तोच आहे. मला 'मुनमुन' दुसरं कुणी म्हणत नाही."

"उम्म झियादचा झियाद? ती तिसऱ्या गल्लीतली?"

शुरूकने मान हलवली. मग भिंतीकडे तोंड ठेवूनच तिने सगळं सांगितलं. दोन महिने ती त्याच्याशी फोनवर बोलत होती. तो हसवायचा. आतेबहिणीच्या साखरपुड्यात, बायकांच्या खोलीत, केस मोकळे सोडून काढलेला एक फोटो तिने त्याला पाठवला होता. एकच. नंतर तो सारखं विचारायला लागला, कुठे गेलीस, कुणाशी बोललीस, उत्तराला उशीर का केलास. तिने बोलणं बंद केलं. त्यानंतर हे सुरू झालं.

"एकच पाठवला?"

"एकच, अब्ला. अल्लाशपथ."

अवातिफने फोन ओट्यावर उपडा ठेवला. शुरूकचे खांदे ताठ झाले. आता टोमणा येणार, किंवा थप्पड.

"वांगी झाकून ठेव," अवातिफ म्हणाली. "माशा बसतील. आणि डोक्याला रुमाल बांध, बाहेर जायचंय."

*

मुलाच्या नावावरून सगळे जिला उम्म झियाद, म्हणजे झियादची आई, म्हणत, तिच्या घरात उंच पाठीच्या, सोनेरी कडांच्या खुर्च्या होत्या. तिचा नवरा कुवेतमध्ये होता आणि दर दोन वर्षांनी एखादी खुर्ची वाढत असे. ती हसतच दार उघडायला आली.

"अगं अवातिफ! आज सूर्य कुठून उगवला? ये, ये. ही शुरूक ना? केवढी झाली! बसा, चहा टाकते."

"चहा नको, उम्म झियाद. बस आधी."

"चहाशिवाय माझ्या घरातून कुणी..."

"बस."

ती बसली. अवातिफने फोन मधल्या टेबलावर ठेवला आणि बोटाने तिच्याकडे सरकवला. उम्म झियादने चष्मा लावला, बघितलं, आणि तोंडावर हात ठेवला. मग तिची नजर फोटोवरून शुरूककडे गेली. त्या नजरेत जे होतं ते शुरूकला ओळखता आलं. गेले आठ दिवस ती तीच नजर गल्लीतल्या प्रत्येक चेहऱ्यावर येणार म्हणून वाट बघत होती.

"देवा, पोरींना लाज राहिली नाही," उम्म झियाद पुटपुटली. "मला कशाला दाखवतेस हे?"

"फोटो खोटा आहे. मान बघ. आणि ज्याने पाठवला त्याचा नंबर बघ."

तिने नंबर वाचला. एकदा, मग ओठ हलवत पुन्हा एकदा. चष्मा काढून पुसला आणि तिसऱ्यांदा वाचला.

"हे सिम..." ती थांबली. "हे सिम माझ्या नावावर आहे. धाकटीच्या अभ्यासासाठी घेतलं होतं. तिच्याकडून हरवलं म्हणून मी तिला मारलं होतं." मग घरभर घुमेल अशा आवाजात तिने हाक मारली, "झियाद!"

तो आला. सतरा वर्षांचा, उंच, अजून खांदे न भरलेला. शुरूकला बघून पायरी चुकल्यासारखा थबकला आणि लगेच दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला.

"काय झालं? हिने काय सांगितलं?"

"हे तू केलंस?"

"मी? तिलाच विचार ना. मला फोटो कुणी पाठवला होता? मी मागितला नव्हता. स्वतःहून पाठवला तिने, केस सोडून!"

उम्म झियादने अवातिफकडे वळून पाहिलं. तिला कुठेतरी आधार सापडला होता. "म्हणजे फोटो दिलाय तर तुझ्या मुलीने! टाळी एका हाताने वाजते का?"

"सोळा वर्षांची आहे," अवातिफ म्हणाली. आवाज चढला नव्हता. "एक मुलगा गोड बोलला, हिने एक फोटो पाठवला. चूक हिची तेवढीच, आणि ती हिने मला सांगितली. आता याची मोज. चोरलेलं सिम, खोटा फोटो, आठ दिवसांच्या धमक्या. मोजता येईना तर तसं सांग, इंटरनेटच्या गुन्ह्यांसाठी पोलिसांत वेगळी माणसं बसलेली असतात, ती मोजतील. सिम तुझ्या नावावर आहे, उम्म झियाद. आधी ती तुलाच बोलावतील."

कुठेतरी पंख्याचं एक पातं जाळीला घासत होतं.

"फोन आण," आई मुलाला म्हणाली.

"मामा, मी नुसती गंमत..."

"फोन आण!"

त्याने खिशातून फोन काढला, पण दिला नाही. त्याचा चेहरा लाल झाला होता, डोळे भरत होते, आणि ते भरलेले दिसू नयेत म्हणून असेल, तो शुरूककडे बघून ओरडला, "कशाला एवढं नाटक? तुझ्या बापाला तर मी गुरुवारीच पाठवलाय! बघितला त्याने. दोन निळ्या खुणा आल्या. काही बोलला का? एक शब्द तरी? त्याला काही वाटलं नाही आणि तुम्ही इथे..."

उम्म झियादची थप्पड त्याच्या गालावर बसली, पण शुरूकला ती ऐकू आली नाही. गुरुवार, एवढंच ऐकू आलं. तिने अवातिफकडे पाहिलं. अवातिफचे ओठ पांढरे पडले होते. तिलाही माहीत नव्हतं.

पुढचं सगळं अवातिफने केलं. समोर बसून फोनमधलं एकेक पुसायला लावलं, सिम काढून उम्म झियादच्या तळहातावर ठेवलं, झियादकडून कागदावर लिहून घेतलं आणि खाली त्याच्या आईची सही घेतली. धमक्यांचे निरोप मात्र शुरूकच्या फोनमध्ये तसेच ठेवले. "हे राहतील," ती म्हणाली. "उद्या गल्लीत काही फिरलं, तर हे पोलिसांकडे जातील."

निघताना उम्म झियाद दारापर्यंत आली. तिला काहीतरी म्हणायचं होतं. शेवटी तिने शुरूकच्या डोक्यावरचा रुमाल, जो नीटच होता, उगाच नीट केला आणि दार लावून घेतलं. आतून झियादचं रडणं ऐकू येत होतं, लहान मुलासारखं, हुंदके देत.

*

गल्लीत कारखान्यांची दारं उघडी होती. कुठे पॉलिशचा वास, कुठे रंध्याचा आवाज, फुटपाथवर उलट्या ठेवलेल्या खुर्च्यांचे पाय आकाशाकडे. अवातिफ भराभर चालत होती. अचानक तिने शुरूकचा हात धरला. तिचा तळवा बर्फासारखा गार होता.

"गुरुवार," ती म्हणाली. "शुक्रवार, शनिवार, आज. चार दिवस."

"अब्ला, तुम्हाला खरंच..."

"नाही. मला काही बोलले नाहीत." ती काही पावलं तशीच चालली. "माझा भाऊ एकदा असाच गप्प राहिला होता. माझ्या धाकट्या बहिणीबद्दल कुणीतरी त्याला काहीतरी सांगितलं. चार दिवस घरात जेवला, झोपला, हसलासुद्धा. आम्हाला वाटलं, निभावलं."

"मग?"

"त्या गोष्टीला वीस वर्षं झाली. तिला अजून डाव्या कानाने ऐकू येत नाही."

कोपऱ्यावर गाड्यांचा थांबा होता. एक पोरगा पायरीवर लोंबकळत "रास अल-बर्र, रास अल-बर्र, दोन सीट!" म्हणून ओरडत होता. अवातिफ थांबली.

"तीच बहीण तिथे राहते. समुद्राजवळ घर आहे. आपण दोघी जाऊ. मी तिथून तुझ्या बापाला फोन करीन, त्याचा आवाज ऐकीन, मग ठरवू."

"आपण दोघी?"

"मग तुला एकटीला पाठवते की काय?"

शुरूक गाडीकडे बघत राहिली. मनात ती ते चार दिवस उलगडत होती. गुरुवारी दुपारी बाबा जेवायला वर आले होते, नेहमीच्या वेळी. मसूर जास्त शिजलाय म्हणाले होते. शुक्रवारी नमाजाहून येताना मशब्बक आणली होती, जिलबीसारखी, पाकात निथळणारी, आणि तुकडा मोडून पहिल्यांदा तिच्याच हातावर ठेवला होता. शनिवारी ते तिला तीनचाकीवरून शिकवणीला सोडायला आले. त्या बाजूला खुर्च्यांचे पाय पोचवायचेत, म्हणाले होते. ती मागच्या हौद्यात बसली होती. हौदा रिकामा होता. खुर्च्यांचे पाय नव्हतेच. शिकवणी सुटली तेव्हाही ते समोरच्या चहाच्या ठेल्यावर बसलेले होते, आणि झियाद त्या दिवशी मागच्या दाराने निघून गेला होता.

तेव्हा तिला फक्त एवढंच वाटलं होतं, बाबा पाळत ठेवतायत.

आताही नक्की सांगता येत नव्हतं. पाळत आणि राखण लांबून सारखीच दिसते.

"बसताय का, मावशी?" पोरगा ओरडला. "एकच सीट राहिली!"

"घरी जाऊ या, अब्ला."

"विचार कर, पोरी."

"मला घरी जायचंय."

*

कारखाना बंद नव्हता, पण करवत थांबलेली होती. दोन्ही कारागीर घरी गेले होते. शुरूकचे बाबा, उस्ताद कारागीर म्हणून सगळ्यांचे 'उस्ता' हेल्मी, एका नव्या पलंगाच्या उशाकडच्या फळीवर वाकून पटाशीने वेल कोरत होते. या दोघींची सावली फळीवर पडली तसं त्यांनी मान वर केली.

"वर वांगी तशीच पडलीयत," ते म्हणाले. "कुठे गेला होतात?"

"उम्म झियादकडे," अवातिफ म्हणाली.

पटाशी थांबली. त्यांनी ती फळीवर आडवी ठेवली, हातावरचा भुसा झटकला. ते उठले. आणि ते उठताच अवातिफ एक पाऊल बाजूला सरकली, शुरूकच्या पुढे. तिने ते ठरवून केलं नव्हतं. पाय आपोआप हलले.

उस्ता हेल्मी जागीच उभे राहिले.

"अवातिफ, तू मध्ये का उभी आहेस?"

ती हलली नाही.

"मी विचारतोय, तू माझ्या आणि माझ्या मुलीच्या मध्ये का उभी आहेस?"

"तुम्ही चार दिवस गप्प का होतात?" अवातिफ म्हणाली. "ते सांगा, मग सरकते."

त्यांनी पत्नीकडे पाहिलं, तिच्या खांद्यामागून दिसणाऱ्या रुमालाच्या कडेकडे पाहिलं, आणि आपल्या हातांकडे. मोठे हात होते. ते कुठे ठेवावेत हे त्यांना कळेना. शेवटी त्यांनी ते पाठीमागे नेले.

"काय बोलायचं ते कळलं नाही," ते म्हणाले. "तिची आई असती तर तिच्यावर टाकून मोकळा झालो असतो. तुला सांगितलं असतं, तर हिला वाटलं असतं आपण दोघं मिळून तिच्याबद्दल बोलतो. आत्ता कुठे तुम्ही दोघी एका ओट्यावर भाजी चिरता." ते थांबले. "म्हटलं, ही येईल. लक्ष ठेवू, आणि येईल तेव्हा ऐकू. आली नाही. मी रोज वाट बघितली."

अवातिफ सरकली. पूर्ण नाही, पण सरकली.

"शुरूक," ते म्हणाले, तिच्या चेहऱ्याकडे न बघता. "मला कुणीतरी एक घाण पाठवली होती. त्यातली मुलगी तू नव्हतीस. मी ती पुसून टाकली. झालं. विषय संपला. वर जा, हात धू, जेवायची तयारी करा."

सुटका अशी समोर उघडून ठेवलेली होती. अवातिफने हळूच शुरूकच्या कोपराला स्पर्श केला: चल. शुरूकने जिन्याकडे पाहिलं. सहा पायऱ्या, मग वळण, मग स्वयंपाकघर. तिथे गेलं की हे कधी झालंच नव्हतं असं होईल. बाबा पुन्हा मसुराबद्दल बोलतील. आणि प्रत्येक वेळी तिच्याकडे बघताना ते अशाच एका मुलीकडे बघतील, जिने काहीच केलं नव्हतं.

"चेहरा माझा होता, बाबा."

अवातिफचं बोट तिच्या कोपरात रुतलं.

"चेहरा कुणाचाही चिकटवता येतो," ते घाईने म्हणाले. "मला कळतं ते. मी काही अडाणी नाही."

"चिकटवलेलाच होता. पण तो फोटो मी पाठवला होता त्याला. आत्याकडच्या साखरपुड्यातला. केस मोकळे असलेला. त्याने मागितला नव्हता." तिने अंगठ्यावरची चिंधी घट्ट ओढली. "दोन महिने बोलत होते मी त्याच्याशी. तुम्हाला खोटं सांगितलं, की मैत्रिणीचा फोन आहे म्हणून."

उस्ता हेल्मींचा जबडा आवळला गेला. गळ्याची शीर वर आली. त्यांनी पाठीमागचे हात सोडले आणि एक हात फळीच्या कडेवर ठेवला. नुकत्याच कोरलेल्या वेलीचं एक पान त्या दाबाने कट् करून तुटलं. त्यांनी तुटलेला तुकडा उचलून पाहिला.

"मला का नाही सांगितलंस?"

शुरूकला अनेक उत्तरं सुचली. ती सगळी अर्धी खरी होती.

"तुमची भीती वाटते."

बाहेर एक टेम्पो येऊन थांबला. पलंग घ्यायला मन्सूराहून आलेला नवरीचा बाप आणि तिचे दोन काका उतरले, तिघांच्याही हातात दोरखंड.

"सलाम, उस्ता! पलंग झाला ना तयार?"

"उद्या."

"उद्या? अहो, परवा लग्न आहे! टेम्पो भाड्याने आणलाय, माणसं आणलीत, आणि..."

"उद्या मी स्वतः पोचवतो. शब्द दिला."

"अहो पण उस्ता, आज तरी निदान बघू..."

उस्ता हेल्मींनी हात वर करून शटर ओढलं. ते खडखडत जमिनीला टेकलं. बाहेर तिघंही जण थोडा वेळ आश्चर्याने बोलत राहिले, मग टेम्पो सुरू झाला. आत फक्त वरच्या झरोक्यातला उजेड उरला आणि त्यात तरंगणारा भुसा.

त्यांनी खोका उलटा केला आणि त्यावर बसले. बसल्यावर ते शुरूकपेक्षा बुटके झाले. दुसरा खोका त्यांनी पायाने तिच्याकडे सरकवला. तिसरा शोधायला इकडेतिकडे पाहिलं, मिळेना, तेव्हा उठून स्वतःचाच खोका अवातिफला दिला आणि जमिनीवर, भुशातच, मांडी घातली.

शुरूक बसली. कुठून सुरू करावं ते तिला कळेना. तिने अवातिफकडे पाहिलं, अवातिफने मान हलवली.

"शिकवणीला पहिल्या दिवशी त्याने माझ्याकडे पेन मागितलं," ती म्हणाली, आणि थांबली.

उस्ता हेल्मी जमिनीकडे बघत होते. थोड्या वेळाने, आवाज शक्य तितका हलका करत, ते म्हणाले,

"मग?"